सव्वासात

फोंड्याच्या गार खोलीत शेरिल फुर्तादो
माझे दोन्ही कान टेबलावर काढून ठेवते,
बारक्या फडक्यानं पुसते
आणि स्क्रीनवर माझा महिना उघडते.

'आजी, पहाटे साडेपाचला तुम्ही रोज आवाज वाढवता.
तिथं तर कुणीच बोलत नाही.
नुसती खरखर समजून यंत्र ती गाळत होतं.'

खरखर कसली गो? पाट तो.
सावईच्या आमच्या कुळागरात
बांधावरनं सोडलेलं पाणी
तिसऱ्या टप्प्यावर पोचलं की जरा जाड बोलतं,
पोफळीच्या आळ्यात शिरलं की गप्प होतं.
पन्नास वर्षं मी डोळ्यांनी शिंपलेलं नाही.

'मग आता ते शिकलंय,' शेरिल हसली.
खरंच. हल्ली पाट येतो,
त्याच्यावरून धनेशाच्या पंखांचा फरफराट.
मला वाटलेलं, धनेश गाव सोडून गेले.

'आणि संध्याकाळी सव्वासातला...'
थांबली. शहाणी पोर.

सव्वासातला पर्वरीहून सर्वेशचा फोन.
बागेला भाव काय आला, दलाल कोण,
तुझ्यामागे हे करणार कोण.
मी बोट कानामागे नेते, दोन पायऱ्या खाली.
हूं म्हणते. हूंला ऐकावं लागत नाही.

आता बोटही न्यावं लागत नाही.
त्याचा आवाज आला की आपणच बसतो खाली,
तांब्यातल्या गाळासारखा.

परवा तो बोलता बोलता थांबला. बराच वेळ.
मी सवयीनं हूं म्हटलं.
पलीकडे काहीतरी ओलं होतं,
नाक ओढल्यासारखं, की हसल्यासारखं,
मग फोन ठेवल्याचा टक्
तेवढा लख्ख.
कशाला हूं म्हटलं मी?
उलट फोन केला तर म्हणतो,
'काही नाही आई. मगाशी सांगितलं ना.'

'सगळं असंच ठेवू?' शेरिल विचारते.
पाट ठेव, म्हटलं. धनेश ठेव.
मिक्सर घाल हवा तेवढा खाली.
सव्वासात तेवढं पुसता येईल?
'पुसता येतं. पण परत शिकवणार तुम्हीच.'

केरीच्या चढावर बस धापा टाकते,
कंडक्टर सुट्ट्यांवरून कुणाशी तरी भांडतोय.
सगळंच येतंय, अंगावर.
पावणेसहा झाले.
फोन मांडीवर पालथा ठेवला होता,
तो उताणा केला.