नावातला ह

पौषातल्या सकाळी जेलरोडला रिक्षातून उतरली सोलांज,
पाठीवर तिच्याहून उंच पिशवी,
पिशवीत दोन किलो अक्रोड,
ग्रेनोबलचे, भावाच्या मळ्यातले.
ट्राम चालवून निवृत्त झालेली बाई.
पुष्कर दोन वर्षं तिच्या वरच्या मजल्यावर राहिला,
म्हणून आता ती पुष्करच्या खोलीत.
पुष्करला मात्र सुट्टी मिळाली नाही.

ह्यांनी चहाच्या आधी पासपोर्ट मागितला.
सी फॉर्म भरायचा होता, ते खरंच,
पण एकतीस वर्षं प्रेसमध्ये काढलेला माणूस
पासपोर्ट नुसता वाचेल कसा?
ट्यूबलाइटखाली धरला. तिरपा केला.
पानाच्या कडेवरून नख फिरवलं. भिंग आणलं.
तिचा चेहरा उतरला.
"शाई चांगली आहे," हे म्हणाले, सरळ मराठीत,
आणि दोन्ही हातांनी परत दिला.

तिचं इंग्रजी मोडकं, आमचं वाकडं.
म्हणून रात्री पुष्करला फोन लावला,
लोणच्याच्या बरणीला टेकवून मधोमध ठेवला.
ती बोलली चांगली दोन मिनिटं,
हात हलवत, एकदा डोळ्यांना पदर नाही म्हणून बाही लावत.
फोन म्हणाला, "जेवण आवडलं म्हणते."
मी विचारलं, हा तुमच्याकडे काय खायचा,
आजारी पडला होता का, थंडीत कान बांधायचा का.
फोनने तिला चार शब्द सांगितले.
आम्ही दोघींनी एकदमच त्याच्याकडे पाहिलं,
कापड मोजताना हात आखडणाऱ्या दुकानदाराकडे बघावं तसं.
दुसऱ्या दिवसापासून फोन कपाटावर.

मी हाक मारायची, "अहो!"
तिला वाटलं, ह्यांचं नावच ते.
तिच्या जिभेला ह जमत नाही,
मग सकाळ-संध्याकाळ अंगणातून "आओ! आओ!"
आणि हे खरंच यायचे,
माझ्या हाकेला कधी आले नाहीत इतक्या लगबगीने.
मी हेमलता, तिच्या तोंडी एमलता.
मी चष्मा काढला, काचेवर श्वास सोडून दाखवला: ह.
तिने तिच्या चष्म्यावर सोडला.
काच धुरकट झाली, आवाज काही आला नाही.

अक्रोड मी दाराच्या फटीत घालून फोडते.
तिने दोन एका मुठीत घेतले, आवळले, कडाक्,
गर माझ्या हातावर ठेवला.
मग स्वतःच्या कपाळाला हात लावला, डोळे मिटले,
पुष्करच्या पलंगाकडे बोट केलं,
तीन बोटं दाखवली. तीन रात्री.
खुर्ची ओढून पलंगाशी बसून दाखवलं,
चमचा हवेत, फुंकर, पुन्हा चमचा.
मला आठवलं, त्या फेब्रुवारीत म्हणाला होता,
आई, प्रोजेक्ट आहे, फोन नको करूस.
गर तोंडात होता. कडवट सालासकट गिळला.
बाहेर प्रेसचा भोंगा झाला,
ह्यांनी सवयीने घड्याळ बघितलं,
आणि मी तिचे हात धरून बसले,
जरा जास्तच वेळ,
ट्राम थांबवणारे, घट्टे पडलेले.

पाचव्या दिवशी नाशिकरोडला गाडी दोन तास लेट.
फलाटावर मी दशम्या सोडल्या,
हे रुळांकडे बघत राहिले.
गाडी आली, पिशवी चढली, ती चढली.
एसी डबा, बंद काच.
आतून तिने तोंड काचेशी आणलं,
आणि माझ्या चेहऱ्यासमोर
बशीएवढी वाफ उमटली.
गाडी हलली तरी ती अजून विरत होती.

घरी आल्यावर पुष्करचा फोन.
बसली का नीट? बसली.
जाताना काय म्हणाली गं?
मी ताटलीतली टरफलं गोळा करत होते.
म्हटलं, जेवण आवडलं म्हणाली.