चौदा

बाटलीवरचं लेबल: तुळजाराम, पु., ३४, सातपूर.
आत एक पेर.
पांढरी, नखाहून थोडी लांब,
शिजलेल्या शेवयीचा चपटा तुकडा म्हणून खपली असती.
काउंटरवर ठेवताना तो म्हणाला,
"माझं नाही हे. मेव्हण्याचं आहे."
नाव मात्र स्वतःचं सांगितलं.

अंड्यांवरून कळत नाही.
दोन्ही जातींची अंडी तशीच गोल, तशीच जाड कडेची,
आत सहा-सहा आकड्या.
डोकं मिळालं तर प्रश्नच मिटतो:
आकड्यांचा मुकुट असला की डुकरातला,
बोडकं असलं की दुसरा.
पण डोकं आतड्याला धरून बसतं.
डोकं कोण देतं सहजासहजी?

म्हणून शाई.
रविवार कारंजावरून मीच आणते, ड्रॉइंगची काळी.
दुकानदार विचारतो, "मुलगी एलिमेंटरीला बसलीय का?"
मी हो म्हणते.
"काय काढते?"
झाडं.

इन्सुलिनची सुई, कडेच्या छिद्रातून.
दाब जरा वाढला की पेर फुटते
आणि सगळी दुपार काळी होते.
हळू.
मग दोन काचांत धरून उजेडाकडे:
मधल्या खोडात शाई चढते, थांबते,
आणि एकदम बाजूंना फुटत जाते.

पिंजारीसरांनी शिकवलं होतं,
एकाच बाजूच्या मोजायच्या, खोडापाशी.
टोकाला फाटे फुटतात, टोकं फसवतात.
तेरापर्यंत डुकरातला,
पंधराच्या पुढं गाईगुरांतला.
रिपोर्टात किड्याचं नाव, बास.
"माणूस काय जेवला ते आपण मोजत नाही, बाई.
आपण फांद्या मोजतो."

मोजल्या. चौदा.
काच फिरवली, दुसरी बाजू.
चौदा.

वरून डॉ. अंतुरकरांचा फोन, तिसऱ्यांदा.
त्यांच्यापुढे तुळजारामच्या मुलीची फाईल:
वय सहा, शाळेत प्रार्थनेला उभी असताना झटका,
स्कॅनमध्ये तांदळाएवढा ठिपका.
आई म्हणते, पोरीनं अंडंसुद्धा कधी खाल्लं नाही.
खावं लागत नाही.
भरवणाऱ्याच्या नखात मावतं तेवढं पुरतं.

तो बाहेर बाकावर,
दोन्ही हात मांड्यांखाली दाबून.
हातांबद्दल कुणीतरी बोललेलं दिसतंय.
मी न विचारताच म्हणाला,
"घरात काही नसतं, मॅडम. रात्रपाळीला
कंपनीमागं एक गाडी लागते. अंधार असतो.
काय देतो, कोण बघतं?"

लिहिलं: जात अनिश्चित.
पुण्याला पाठवावं तर फॉर्मॅलिननं डीएनएचा भुगा केलेला.
त्याला सांगितलं, आणखी एक लागेल,
ताजी, या स्पिरिटच्या बाटलीत.
"मेव्हण्याला सांगतो," तो म्हणाला.
मान वर न करता.

डबा उघडण्याआधी तीनदा हात धुतले.
अंगठ्याच्या नखातली शाई निघाली नाही.
त्या हातानं जेवले नाही.

गुरुवारी तो आला, पहिल्या बसनं,
त्र्यंबक रोडवर दुकानांची शटरं उघडायची होती.
बाटलीत दोन पेरी.
पुढे केलेल्या हातांची
दहाही नखं मांसापर्यंत कापलेली,
एकातून थोडं रक्त.

"या माझ्याच आहेत," तो म्हणाला.

एक पुण्याच्या बर्फात ठेवली.
दुसरीसाठी मी शाई हलवली,
सुई उजेडात धरली.