कीटण

आमोद्याच्या पुढे, एका बाभळीखाली,
काटा शंभराला टेकतो.
मी गाडी कडेला घेते, बॉनेट उघडते
आणि केळीच्या ट्रकवाल्यांचे सल्ले ऐकते.

मामा म्हणायचा, विलायती बाई आहे,
तिला फैजपूरचं ऊन सोसत नाही.
मामा गेला, गाडी माझ्याकडे आली,
भुसावळच्या कुणा रेल्वेसाहेबानं
जाता जाता विकलेली, दोन सीटांची, हिरवी एमजी,
आणि तिच्याबरोबर हे वाक्यही.

रशीद पिंजारीनं रेडिएटर उतरवला,
सळ्या घातल्या, टाके मारले,
हौदात बुडवून बुडबुडे पाहिले.
सावद्याच्या पोपटशेठनं थर्मोस्टॅटच काढून फेकला:
"ताई, आपल्याकडं थंडी पडते का?"
पट्टा बदलला. झाकण बदललं.
पंखा चार पात्यांचा सहाचा झाला.
शेवटी कुणीतरी पुढे लिंबू-मिरची बांधली.
काटा आपला बाभळीपाशी हजर.

मग वैशाखात तायडे मिस्तरी आले, कवळीसाठी.
लोको शेडमधून रिटायर होऊन चोवीस वर्षं झालेली.
तोंड उघडं, नजर खिडकीबाहेर, गाडीवर.
चूळ भरली आणि म्हणाले,
"तापते न ती? पुढून का मागून?"

पुढून का मागून.
मला कुणी हे विचारलंच नव्हतं.

त्यांनी इंजिन सुरू ठेवायला सांगितलं,
चुळीच्या पेल्यातलं पाणी बोटांनी शिंपडलं,
भाकरी टाकण्याआधी तव्यावर शिंपडतात तसं.
पुढच्या सिलिंडरवर थेंब बसून राहिला.
दुसऱ्यावर थोडा हलला.
चौथ्यावर: चर्र.

संध्याकाळी, निवल्यावर,
इंजिनाच्या बगलेतली पत्र्याची वाटी
छिन्नीनं तिरपी करून त्यांनी उपसली.
आत काठोकाठ पाणी भरलेलं,
भोक रुपयाएवढं,
आणि बाहेर एक थेंब आला नाही.

"बायलरचं असंच राह्यते," ते म्हणाले.
"साहेब लोकं म्हनत, कोयसा खराब.
कोयसा काय करीन? पानी जड आपलं."

स्क्रूड्रायव्हर आत वळेना.
मी दवाखान्यात गेले, माझा स्केलर घेऊन आले,
बाकदार, सुईच्या टोकाचा.
सव्वीस वर्षं या गावाच्या दातांवरचं कीटण काढते मी.
बोटांना ते लगेच कळलं,
डोक्याला पाच वर्षं लागली.

आधी पांढरी खपली, आमच्या बोअरची.
तिच्याखाली काळी, कपाशीच्या शेतातल्या विहिरींची,
मामा गाडी थांबवून कुणाच्याही बादलीतून ओतायचा ती.
मग तांबूस, पाल घाटातल्या नाल्याची असावी.
मामा कुठे कुठे अडकला होता
ते सगळं पापुद्र्यांत लागलं.
आणि अगदी तळाशी, चिमूटभर,
इथली नसलेली बारीक करडी वाळू.
तायड्यांनी ती तळहातावर घेऊन फुंकली.
"साच्याची हाये. ओततानाच राह्यली.
म्हनजे दोष तिकडूनच घिऊन आली,
आपन नुस्ता वाढवला."

मग पाणी सुटलं.
आधी चिखल, मग चहा, मग पाणी.

नवी वाटी बसवली. नवा थर्मोस्टॅटही,
कारण तायडे म्हणाले, पाणी नुसतं पळून उपयोग नाही,
त्याला कुठे थांबायचं ते सांगावं लागतं.
आणि आत ओतलं ते निर्जंतुकीच्या यंत्राचं,
ऊर्ध्वपातित, सहा बाटल्या.
माझी कंपाउंडर कुंदा बघत राहिली.

काल सेहेचाळीस होतं.
बाभळीपाशी काटा ऐंशीवर होता.
मी तरीही थांबले, सवयीनं,
एक ट्रक हॉर्न वाजवत गेला,
सल्ला न देता.

तायड्यांची कवळी अजून राहिलीय.
खालची घासते म्हणतात, नक्की कुठे ते सांगता येत नाही.
मी म्हटलं, थांबा, सांगू नका.
बोट लावून दाखवा.