सात नंबर

फाटकाशी पाटीवर अकरा नियम आहेत.
पाचवा खोडून पुन्हा रंगवलाय:
तलावात निर्माल्य टाकू नये.
आठवा माझ्यासाठी.
पॅडल बोट एकट्या व्यक्तीस मिळणार नाही.

"दूसरी मैडम?" खिडकीतून भेरूलाल विचारतो.
गेली, म्हणते मी.
त्याचा हात गल्ल्यावरच थांबतो,
डोक्यावरची टोपी खाली येते,
रांगेत मागची बाई चुकचुकते.
अरे, बंगलोरला गेली. लेकाकडे.
टोपी परत डोक्यावर.

शरयू भोंडे आणि मी,
वीज मंडळ, पोलो ग्राउंड, टेबलाला टेबल लावून.
एकतीस वर्षं अख्ख्या इंदूरचे आकडे उतरवले,
कोणाच्या घरी किती जळतं ते आम्हाला ठाऊक.
निवृत्त झालो आणि डॉक्टरनं दोघींच्या गुडघ्यांना
एकच औषध सांगितलं, पाय हलवा.
म्हणून बुधवार. म्हणून पिपल्यापाल्याचा तलाव.
म्हणून सात नंबर,
जिच्या बदकाची चोच तुटलीय
आणि म्हणून पोरंटोरं जिला हात लावत नाहीत.

भेरूलाल नियमाचा माणूस.
पण नियमात "व्यक्ती" म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही.
पाणपोईवरून त्यानं वीस लिटरचा कॅन भरून आणला,
डाव्या सीटवर बसवला,
त्याला नारिंगी जॅकेट चढवलं, दोन्ही बक्कलं लावली,
वरची जरा सैल केली.
"बैलेंस के लिए," म्हणाला,
आणि दोन तिकिटं फाडली.

जॅकेटला कालच्या शाळेच्या सहलीचा वास,
घाम, संत्र्याची सालं, ओली रेती.
माझ्या खांद्यापाशी कोणीतरी पेनानं लिहून ठेवलंय:
पाचवी ब.

किनारा मागे जातो तशी बाग नीट दिसते.
सिमेंटची हरणं. रविवारीच उडणारं कारंजं, आज मुकं.
रॅम्पवर एक मुलगा आजोबांची खुर्ची
चढावर ढकलतोय, उतारावर मागे ओढतोय,
आजोबा मात्र दोन्ही वेळा ओरडतायत.
बाकावर डबा उघडून बसलेलं जोडपं,
त्यांच्या पायाशी धीर धरून बसलेला कुत्रा.
स्वच्छतागृहाच्या बाणाखाली कोणीतरी
उलटा बाण काढून ठेवलाय. दोन्ही खरे असावेत.

मध्यावर आले आणि कळलं
की नाव डावीकडे फिरतेय.
जोर लावला, जास्त फिरली.
एकच गोल, पुन्हा तोच गोल,
हरणं, कारंजं, आजोबा, हरणं.
मधला दांडा पहिल्यांदाच हातात घेतला.
इतके बुधवार तो शरयूच्या मुठीत असायचा
आणि मी समजत होते, आपण सरळ जातोय
कारण तलाव सरळ आहे.

सहा वर्षं मी फक्त पाय मारत होते
आणि सुनेबद्दल बोलत होते.

दांडा उजवीकडे ढकलला की नाव डावीकडे,
हे शिकायला पंधरा मिनिटं गेली.
कॅननं एकदाही "अगं, अशी नाही" म्हटलं नाही.
लाटेबरोबर आत पाणी डुचमळायचं,
जॅकेट थोडं पुढे झुकायचं,
एखादी गोष्ट ऐकताना शरयू झुकायची तसं नाही,
तिला ऐकूच कमी यायचं, ती आडवी व्हायची.

तिकडे तिच्या सोसायटीत म्हणे तलाव आहे.
फोटो पाठवला होता. भोवती कुंपण,
चालायला निळी रबरी वाट, नाव एकही नाही.
खाली लिहिलं होतं: इथं पाणी नुसतं बघायचं असतं.
मी उत्तर लिहिलं नव्हतं.
आता काय लिहायचं ते सुचलं
तर दोन्ही हात दांड्यावर.

पाणकावळा पंख पसरून खांबावर,
वाळत घातलेल्या छत्रीसारखा.
त्याला वळसा घातला. माझा मी घातला,
जरा घासून गेला, पण घातला.

मग भोंगा खरखरला.
टाइम हो गया, सात नंबर.
मी ऐकलं नाही.
पुन्हा खरखरला, या वेळी सावकाश,
नियमाच्या माणसाच्या आवाजात:
सात नंबर, दोनों सवारी, वापस आ जाइए.

मी कॅनकडे पाहिलं.
अजून एक गोल, म्हटलं. मोठा.