चार बोटं

बयाणा देण्याआधी एकदा मे महिन्यात जा, निरंजन.
दलाल तुला कार्तिकात नेईल,
पाणी काठोकाठ, बगळे जागच्या जागी,
गच्चीवर खुर्ची मांडून म्हणेल, भिया, इथून सूर्य तुमचाच.
खरंच आहे ते.
सूर्याचा खसरा नंबर अजून कुणी मागितलेला नाही.

मेमध्ये तळं मागे सरतं.
चिखल उघडा पडतो, त्यात एकेकटी चप्पल,
गणपतीच्या पाटांचे तुकडे, फुटकी बरणी,
आणि असा वास
की शलाका दोन दिवस खिडकी उघडणार नाही.
तो घेऊन बघ. मग भाव विचार.

भिंतीला हात नको, गाल लाव.
रंग परवाचा असतो, ओल जुनी असते.
विजेचा मीटर शिडी लावून वाचावा लागत असेल
तर वायरमनला काहीतरी ठाऊक आहे.
शेजारणीशी बोल, शेजाऱ्याशी नको,
तो आपल्या घराची किंमत सांभाळून बोलेल.
ती सांगेल, दिवा लागला की वरणात चिलटं पडतात,
म्हणून जेवणं सहालाच उरकतो.
सांगेल, न्हाणीत एकदा दिवड निघाली.
विषारी नसते. हे तिला नंतर कळलं.

पाळीवर घिसालाल केवट जाळं सांधत बसलेला असेल.
त्याला चहा पाज, घाई करू नकोस.
पाणी किती चढतं ते त्याला आकड्यात येत नाही.
तो एका बाभळीकडे बोट करेल,
म्हणेल, नाव तिथे बांधायचो.
ती बाभूळ आज कुणाच्या कुंपणात आहे
तेवढं तू बघ.

आणि नकाशा माग. रंगीत छापलेला नाही,
जुना, कापडावरचा.
नाही म्हणतील. पुन्हा माग.
मिळाला तर उजेडासमोर धर.

मला कसं ठाऊक, विचारशील.
बत्तीस वर्षं मी जलविभागात ट्रेसर होते,
हे तुम्हा पोरांना माहीत आहे;
काय ट्रेस करायची ते कुणी विचारलं नाही.
त्या तळ्याची पूर्ण भरलेली रेघ माझ्या हातची आहे.
निळी शाई, एका दमात,
पाण्याची रेघ मध्येच उचलली की खोटी दिसते.

एका संध्याकाळी चौबेसाहेब टेबलाशी आले,
म्हणाले, शाळिग्रामबाई, ही जरा आत घ्या.
जरा म्हणजे किती, मी विचारलं.
विचारलं, एवढं तरी लक्षात ठेव.
त्यांनी चार बोटं कापडावर ठेवली,
एकात पुष्कराज होता.
मी ब्लेड घेतलं.

त्या स्केलला चार बोटं म्हणजे
पावणेतीनशे मीटर.
तेवढं पाणी त्या संध्याकाळी जमीन झालं
आणि मी सव्वासहाच्या टेम्पोनं घरी आले.
तुझी आई माहेरपणाला आलेली, तू सात महिन्यांचा पोटात,
तिला आमटी आंबट हवी होती.
मी चिंच जास्त घातली. कुणाला काही कळलं नाही.

एकेचाळीस नंबर म्हणालास ना फोनवर?
काल मी पाठ नकाशावर मोजून पाहिलं.
हॉल तिसऱ्या बोटावर येतो.
बेडरूम पुष्कराजाच्या बरोबर खाली.

घेऊ नकोस असं मी म्हणत नाही.
सही करून हक्क सोडलेला माणूस
दुसऱ्याला काय अडवणार.
कदाचित पाणी विसरलंही असेल,
आमच्या साहेबांना तरी तशी खात्री होती.

फक्त मेमध्ये जाशील तेव्हा मला घेऊन जा.
गुडघ्यांचं बघू, पाळीपर्यंत चालेन.
ते तळं मी
अजून एकदाही पाहिलेलं नाही.