साडेबारा टक्के

हनुवटी, वरचा ओठ, लग्नाआधीचे हात,
दिवसभर माझ्यापुढे हेच येतं.
डोकं कुणी आणलं नव्हतं.

निवृत्ती मढवी, वय सत्तेचाळीस, घणसोली गाव,
रबाळे एमआयडीसीत क्रेन चालवतात.
वरचं रान केव्हाच मोकळं झालेलं,
या कानापासून त्या कानापर्यंत मागून एक झालर तेवढी.
"रोज वस्तरा मारतो. संध्याकाळी खुंट वर येतात
आन् हेल्मेटच्या आत मुंग्या चालतात."
आणि मागचा भाग? आरशात दिसत नाही तो.
"तो माझी पोर करायची. आता ती मिरजेला, मेडिकलला."
पुढे काही बोलले नाहीत.
मी फॉर्म सरकवला.

फॉर्मवर एक ओळ असते:
गेलेले केस परत येणार नाहीत याची मला कल्पना आहे.
ती त्यांनी बोट ठेवून वाचली,
सही केली, खाली तारीख,
तारखेखाली पुन्हा एक सही, कुणी न मागता.
"आमच्या बापानं एकदा न वाचता केली होती."

पांढऱ्या पेन्सिलीनं मी चौकोन आखते,
एकच जागा दोनदा भाजू नये म्हणून.
डाव्या कानामागे एक, त्याला लागून दुसरा.
"सेक्टर पाडताय?"
माझी पेन्सिल थांबली.
"पाडा, पाडा. आमच्या खाचरात असेच आले होते, चुना घेऊन.
मी दुसरीत. भात पोटरीला आलेलं."
आमचं क्लिनिक सेक्टर सातात, औषधांच्या दुकानावर.
त्याच्याखाली काय होतं ते मला ठाऊक नाही.
माझे वडील माथाडी, पाटणकडचे;
आम्हाला ही जमीन मिळाली तेव्हा
तिच्यावर आधीच नंबर होता.

थंड जेल. डोळ्यांवर चष्मे, त्यांना काळा, मला हिरवा.
टिक्.
रबर ताणून सोडावं तसं.
डोक्यावर कातडी पातळ, हाडाला जाऊन लागतं.
टिक्. टिक्.
चुलीशी वाकल्यावर बट जळते, तो वास.
चकार शब्द नाही. खुर्चीचा हात तेवढा धरलेला,
लिव्हर धरतात तसा.

बोलत राहिलं की माणूस कमी दचकतो, म्हणून मी सांगत होते:
मशीनला काळंच दिसतं.
काळ्या केसातून ते मुळाशी जातं, तिथं जाळतं.
पांढरे त्याच्या लेखी नसतातच.
"म्हणजे म्हाताऱ्यांना सोडून देतं?"
सोडून देतं.
"आन् एकूण किती टक्के जातात?"
ऐंशी. नशीब असलं तर नव्वद.
"मग साडेसत्त्याऐंशीवर थांबवा.
साडेबारा टक्के परत मिळायला पाहिजेत आम्हाला.
तसं ठरलंय."
आणि इतके हसले
की मला मशीन उचलून धरावं लागलं.

दर सहा आठवड्यांनी यायचे, रविवारी, पहिली वेळ.
मधल्या दिवसांत केस गळतात,
उशीवर मिरपूड सांडावी तसे.
माझी आई विंचरलेल्या केसांचा गुंता
दारामागच्या पिशवीत साठवते,
भांडीवाली येते, तोलते, झाकणाचा डबा देते.
मिरपुडीचं कुणी काही देत नाही.

सहाव्या वेळी भिंग घेऊन पाहिलं.
टाळूवर वरची ट्यूबलाइट अख्खी उमटलेली.
फक्त मानेच्या वर, जिथं त्यांचं त्यांना दिसत नाही,
नऊ केस. पांढरे. मी मोजले.
हे राहणार, म्हटलं. सुईनं जातात,
पण त्याचे पैसे वेगळे.

त्यांनी हात मागे नेला, चाचपलं.
सापडले, तरी हात तिथंच होता थोडा वेळ.
"राहू देत. दिवाळीला पोर येतेय."

जिना उतरून रस्त्यावर गेले. ऊन होतं.
मी खिडकीतून ओरडले, मढवी, टोपी!
वर न बघता त्यांनी हात हलवला
आणि गावाच्या बाजूला वळले.