परवाची बाटली

यांग्त्सेच्या मुखाशी, खाऱ्या वाऱ्याच्या गावात
श्वे आयझन पहाटे आधी बाटली भरते,
स्वतःचीच, कोमट, पिवळी.
मग ब्रोकोलीच्या कोंबांचा रस, नाक दाबून.

किड्यांसाठी राखून ठेवलेला त्या कोंबांचा तिखटपणा
तिच्या यकृताला नुसता डिवचतो:
ऊठ, केरसुणी कुठंय?

ओल्या वर्षी बुरसलेला मका
सगळ्यांनीच खाल्ला होता.
थोरल्या भावाचं पोट फुगलं,
सुगीपर्यंत तो थांबला नाही.

दवाखान्यातली पोरगी बाटलीवर आकडा चिकटवते.
"परवाच्या बाटलीत काय निघालं?"
"कारखान्याचा धूर, मावशी. गाठोडं बांधून.
आधीपेक्षा जास्त."
"जास्त म्हणजे वाईट?"
"नाही. जास्त म्हणजे गेलं."

आयझन रिकाम्या पेल्याकडे बघते,
तळाशी उरलेला हिरवा थेंब
बोटानं पुसून
जिभेवर ठेवते.